बाल्कनी एकच पुरते

तयारी

क्रूझचं बुकिंग करायला गेलं की एजंट आधी खोल्यांचा तक्ता उघडतो. सगळ्यात खाली बिनखिडकीची आतली खोली, मग बंद काचेच्या खिडकीची, मग बाल्कनीची, वर स्वीट म्हणजे बैठकीची जागा असलेली मोठी खोली. त्याचं बोट हळूहळू वर सरकतं. आम्ही चौघं होतो: हे, मी, सासूबाई आणि पुण्याच्या वन्सं. म्हणजे खोल्या दोन. "दोन्ही बाल्कनीच्याच घ्या, आयुष्यात एकदा तर जाताय," एजंट म्हणाला. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि तिथला हिशेब माझ्याकडे असतो. "आयुष्यात एकदा" असं कोणी म्हटलं की मी चष्मा लावते.

मी एक खोली बाल्कनीची मागितली आणि दुसरी तिच्या बरोबर समोरची, कॉरिडॉरपलीकडची, आतली. बाल्कनीत सासूबाई आणि वन्सं, आतल्या खोलीत आम्ही दोघं. दिवसा चौघांनी बाल्कनीत बसायचं आणि झोपायला दोघांनी समोर जायचं. खिडकी नसलेल्या खोलीत अंधार इतका मिट्ट असतो की दुपारीही मध्यरात्रीची झोप लागते. सकाळ झालेली कळावी म्हणून टीव्हीवर जहाजाच्या कॅमेऱ्याचा चॅनेल आवाज बंद करून लावून ठेवायचा. बाहेर उजाडलं की भिंत उजळते.

वाचलेले पैसे मी दोन ठिकाणी लावले. एक म्हणजे सिंगापूरला आदल्या दिवशी पोचणं आणि दुसरं म्हणजे खोलीची जागा. लाटेनं जहाज हेलकावतं तेव्हा पुढचं आणि मागचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं, उंच मजलेही जास्त डुलतात. म्हणून खोली मध्यावरची आणि खालच्या मजल्यांपैकी असावी. शिवाय तिच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. पोहण्याच्या तलावाखालची खोली मिळाली तर पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्या जातात, नाट्यगृहाला चिकटलेली मिळाली तर रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकावा लागतो. प्रत्येक मजल्याचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो समोर ठेवल्याशिवाय पैसे भरू नयेत. "गॅरंटी" नावाचं स्वस्त तिकीटही असतं. त्यात खोलीचा प्रकार ठरतो, नंबर मात्र कंपनी शेवटी देते. ज्याला एसटीतही गाढ झोप लागते त्यानं ते खुशाल घ्यावं.

मार्ग निवडला सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्रींचा. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपलाही जहाजं जातात. पण सासूबाईंनी समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून, आणि पहिल्या खेपेला पाणी शांत असावं असं मला वाटत होतं. हा मार्ग ज्या मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो तिला एका बाजूनं सुमात्रा बेटाचा आणि दुसऱ्या बाजूनं मलाया द्वीपकल्पाचा आडोसा आहे, त्यामुळे तिथं मोठ्या लाटा सहसा उठत नाहीत. फुकेतच्या बाजूला मात्र मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे समुद्र खवळवतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. आम्ही फेब्रुवारीची अखेर धरली, कारण जानेवारीत आमच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि काठ्यांची मिरवणूक सोडून सासूबाई स्वर्गातही जायच्या नाहीत. चिनी नववर्षाचा आठवडा टाळला, तेव्हा सिंगापुरात सगळ्याचेच भाव चढलेले असतात.

कागदपत्रांत एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. जहाज सिंगापूरहून सुटून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे हातात आल्या आल्या बघावं. सिंगापूरचं ऑनलाइन आगमनपत्रही दोनदा भरावं लागतं, विमानानं उतरताना एकदा आणि जहाजानं परतताना एकदा. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम वरचेवर बदलतात, ते बुकिंगच्या वेळी आणि निघायच्या आधी असे दोनदा तपासावेत. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. परदेशी पॅकेजवर आगाऊ कापलेला टीसीएस नावाचा कर म्हणजे गेलेला पैसा नव्हे, आयकराचं रिटर्न भरताना तो जमा धरला जातो. पावती जपून ठेवावी. आणि विमा. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण बिल डॉलरमध्ये येतं आणि आपल्याकडचं मेडिक्लेमचं कार्ड तिथं चालत नाही. सत्तरीपुढच्या माणसाचा हप्ता जड वाटतो, तरी भरावा. जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, एवढं पॉलिसीत शोधावं.

शनिवार, सोलापूर ते मुंबई

पहाटे सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत, दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटी आणि रात्रीचं विमान. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं इतकंच की वन्सं पुण्याला गाडीत चढल्या तेव्हा त्यांच्या हातात सव्वीस मुद्द्यांची यादी होती. जहाजावर काय काय फुकट आहे आणि ते कधी कधी करायचं, याची. "वहिनी, एवढे पैसे भरलेत, वसूल नको का करायला?" मी काही बोलले नाही.

रविवार, सिंगापूर

विमान उशिरा सुटलं तर जहाज थांबत नाही. त्याच दिवशी उतरून त्याच दिवशी जहाज पकडणारे लोक मला दोरीवरून चालणारे वाटतात. आम्ही लिटल इंडियात हॉटेल घेतलं होतं. दुपारी झोप, संध्याकाळी सेरंगून रस्त्यावरचं वीरमाकालीअम्मन देऊळ, मग डोसा. वन्संना सेंटोसाला, करमणुकीच्या बेटावर जायचं होतं. त्या आणि हे गेले आणि रात्री पाय दाबत आले.

बॅगा मात्र त्या रात्री नीट लावून घ्याव्यात. टर्मिनलवर मोठ्या बॅगांना खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावून त्या आत घेतात, मग कधी कधी संध्याकाळपर्यंत दिसत नाहीत. पासपोर्ट, औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. जहाजावर आगीची धास्ती सगळ्यात मोठी. घरी शिजवलेलं अन्नही बहुतेक जहाजं आत नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातलं कोरडं चालतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही दुकानातून पॅक केलेलीच घेतली होती.

सोमवार, जहाजावर

मरिना बे क्रूझ सेंटरला टॅक्सीनं गेलो. जहाज म्हणजे मोठी नाव अशी जी कल्पना असते ती तिथंच संपते. समोर भिंत उभी राहते, नऊ-दहा मजल्यांची आणि लांबच लांब. आगाऊ ऑनलाइन चेक-इन करून आम्ही दुपारची पहिली वेळ निवडली होती, म्हणून रांग लहान मिळाली. यंत्रातून बॅगा जाताना वन्संची छोटी इस्त्री निघाली. पावती देऊन ठेवून घेतली, उतरताना मिळाली. "साडीच्या इस्त्रीला पर्याय काय मग?" या त्यांच्या प्रश्नावर तिथल्या मुलीनं हसून लाँड्रीचं दरपत्रक दिलं.

काउंटरवर कार्ड जोडतात. जहाजावर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या खात्यावर लिहिलं जातं आणि शेवटी कार्डावरून वळतं. इथं क्रेडिट कार्डच द्यावं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर कंपनी अंदाजानं मोठी रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला पुढं कित्येक दिवस लागतात.

आत गेल्या गेल्या सगळं जहाज वरच्या बुफेकडं धावतं. आम्ही खालच्या मोठ्या जेवणघराची चौकशी केली. ते उघडं होतं आणि निम्मं रिकामं. जेवता जेवता मी फोनवर नाटकाच्या आणि शोच्या जागा आरक्षित केल्या. हे काम पहिल्या तासात केलं नाही तर पुढं मागच्या रांगा मिळतात. वाढणाऱ्यांत मालवणचा एक मुलगा निघाला. त्यानं सांगितलेली गोष्ट सोन्यासारखी: उद्या वरणभात, बिनकांदालसणाची भाजी असं काही हवं असेल तर आज रात्रीच मुख्य वेटरला सांगून ठेवा, यादीत नसलं तरी करून देतात. आयत्या वेळी मागितलं तर पनीर मिळतं. सगळीकडं पनीरच मिळतं.

खोली उघडल्यावर सासूबाईंनी आधी न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला. "पाणी किती दिवसाआड येतं इथं?"

आमच्याकडं उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. जहाज समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतं, ते चोवीस तास येतं, असं ह्यांनी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बादली नव्हती म्हणून बर्फाचं भांडं भरून ठेवलं.

ह्यांचं लक्ष तिसरीकडं होतं. टॉवेल चिमटीत धरून, कड उलटी करून, उजेडाला धरून झालं. "पाचशे जीएसएम. धागा चांगला आहे, बॉर्डर मात्र ढिली." (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन.) संध्याकाळी खोली आवरणाऱ्या इंडोनेशियन पोरानं त्याच टॉवेलांचा हत्ती करून पलंगावर बसवला. सासूबाईंनी त्याची सोंड सोडवली, चार घड्या घातल्या आणि टॉवेल कपाटात ठेवले. "चांगला टॉवेल चुरगाळून ठेवला की!" पुढचे सगळे दिवस ही लढाई चालू राहिली. रोज नवा प्राणी, रोज घडी.

सुटण्याआधी आणीबाणीची तालीम असते. तिला दांडी मारता येत नाही. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज कलंडलं. तेव्हा नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि तालीम जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच घेणं सक्तीचं झालं. आता बरीच जहाजं फोनवर चित्रफीत दाखवतात आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन फक्त हजेरी द्यायची असते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, एवढं डोक्यात ठेवायचं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्यानं एकदा चालून बघावं, कारण त्या वेळी लिफ्ट बंद असते.

संध्याकाळी जहाज हललं ते कळलंच नाही. सासूबाईंना वाटलं समोरची इमारतच सरकायलीय. बाल्कनीत चौघं दाटीवाटीनं बसलो. सामुद्रधुनीत नांगर टाकलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे लागत गेले, मोजायचा नाद वन्संनी अर्ध्यात सोडला. फोन मी तेव्हाच विमान मोडवर टाकायला लावले. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो. ते आपल्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं आणि दोन मिनिटांच्या बोलण्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

मंगळवार, पेनांग

सकाळ समुद्रावरच. ॲव्होमिनच्या गोळ्या नेल्या होत्या, लागल्या नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, पोट ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग थोडा. बाकी उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघत बसणं, रिकाम्या पोटी न राहणं आणि आलेपाक.

दुपारी पेनांगच्या जॉर्जटाउन शहरातल्या स्वेटनहॅम धक्क्याला लागलो. हे बंदर पायी फिरायचं आहे. जहाजाच्या बससहली इथं घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, धक्क्यातून बाहेर पडलात की गावच सुरू होतं. समोर व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा मनोरा. राज्याच्या साठ वर्षांसाठी साठ फूट उंची, वर्षाला एक फूट असा सरळ हिशेब. शेजारी कॉर्नवॉलिसचा किल्ला. पुढं दहा मिनिटांत लिटल इंडिया, जाईच्या गजऱ्यांचा वास आणि लाउडस्पीकरवर तमिळ गाणी. जॉर्जटाउन २००८ पासून मलाक्का शहरासोबत जागतिक वारसायादीत आहे, त्यामुळे जुनी दुकानघरं, त्यांच्या पुढच्या कमानीदार पडव्या टिकल्यात आणि उन्हात सावलीसावलीनं चालता येतं.

१८३३ सालच्या महामारीअम्मन देवळासमोर सासूबाई एका फुलवालीशी कानडीत बोलायला लागल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. ती तमिळ, या कानडी, भाव मलेशियाच्या रिंगिटमध्ये. पाच मिनिटांनी सासूबाई गजरा माळून आल्या आणि "तिचा जावई बरा नाही बघ" अशी बातमीही घेऊन आल्या. कसं, ते मी विचारलं नाही.

तिथून समुद्राकाठच्या च्यू जेटीवर गेलो. पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरांची गल्ली, आणि सगळी गल्ली एकाच च्यू आडनावाची. चीनमधून कामाला आलेल्या माणसांनी आडनावाप्रमाणे आपापले धक्के बांधले. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या विणकरांनी माग टाकून गल्ल्या वसवल्या, तसंच हे. फरक इतकाच की इथं खाली भरती येते. ह्यांना ही जागा इतकी आवडली की निघायलाच तयार नव्हते. लोकांच्या राहत्या घरांचे फोटो काढू नका अशा पाट्या होत्या, त्या पाळणारे फारसे दिसले नाहीत.

जेवण केळीच्या पानावर. त्यानंतर तेह तारिक नावाचा, दोन भांड्यांत उंचावरून ओढलेला फेसाळ चहा. थोडे रिंगिट रोख जवळ असावेत, रस्त्यावरचे विक्रेते कार्डाकडं बघत नाहीत. परत चढायची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते आणि ती दारातल्या फलकावर लिहिलेली असते. फलकाचा फोटो काढून मग बाहेर पडावं.

बुधवार, फुकेत

आता ही गोष्ट वन्संना पटलेली नाही आणि पटणारही नाही, पण सगळ्या सफरीतला सगळ्यात सुखाचा दिवस मी न उतरता मिळवला.

पाटोंगच्या खाडीत मोठी जहाजं बरेचदा धक्क्याला लागत नाहीत. दूर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. त्या बोटींसाठी चिठ्ठ्या, रांगा, आणि चढताना एक पाऊल हलत्या फळीवर. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं आणि मला ऊन नको होतं. वन्सं आणि हे जहाजाची सहल घेऊन गेले, पंचेचाळीस मीटर उंच, संगमरवरानं मढवलेला बुद्ध आणि जुनं फुकेत बघायला. इथं जहाजाचीच सहल घ्यावी हे मीच सांगितलं होतं. रस्त्यावरची गर्दी, वर बोटीची रांग. उशीर झाला तर जहाज आपल्या सहलीच्या लोकांसाठी थांबतं, स्वतःच्या टॅक्सीनं गेलेल्यांसाठी थांबत नाही. मग पुढचं बंदर स्वतःच्या खर्चानं गाठायचं. फी फी बेटांच्या स्पीडबोटीला मी ह्यांच्या कमरेमुळं आधीच फुली मारली होती.

घड्याळाची गंमत इथंच होते. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागं आहे. आमच्या जहाजानं सगळ्या सफरीत सिंगापूरची वेळ ठेवली होती, पण किनाऱ्यावर पाय ठेवला की फोन आपोआप थाई वेळ दाखवतो. फोनमध्ये चार म्हणजे जहाजावर पाच. ह्यांचं चावीचं जुनं एचएमटी सकाळीच जहाजाच्या वेळेला लावून मनगटावर बांधलं होतं. त्याला नेटवर्कशी काही देणंघेणं नाही.

साडेदहाच्या सुमारास जहाज रिकामं झालं. ज्या तलावात काल पाय बुडवायला जागा नव्हती तिथं एक जर्मन आजोबा आणि आम्ही दोघी. सासूबाई कोमट पाण्याच्या कुंडात गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसल्या, पातळ वर खोचून. तासाभरानं म्हणाल्या, "तुळजापूर चढताना असं काही असतं तर." मसाज आणि स्पाचे भाव बंदराच्या दिवशी उतरतात. पहिल्या दिवशी तिथल्या मुली गळ्यात पडतात तेव्हा फक्त हसायचं आणि या दिवसाची वाट बघायची. मी खांद्यांचा मसाज घेतला. नंतर तेलं विकायला लागल्या, ती घेतली नाहीत.

तलावाजवळचा टॉवेल कार्ड दाखवून मिळतो आणि परत केला नाही तर पंचवीस डॉलर खात्यावर लागतात. त्याचा विषय पुढं येईल.

दुपारी जेवणघरात मालवणच्या मुलानं स्वतःहून येऊन वरणभात वाढला, वर लिंबू. त्याचा करार आठ महिन्यांचा. घरी आई आहे, बहिणीचं लग्न ठरतंय. सासूबाईंनी खोलीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं इकडंतिकडं बघून ते खिशात घातलं.

चार तास मी बाल्कनीत काही न करता बसले. कारखान्यात मार्चअखेर तोंडावर आलेली, घरात कोणाचं ना कोणाचं काही असतंच. पैसे भरून विकत घेण्यासारखं जहाजावर खरं काय असेल, तर हे. वन्सं संध्याकाळी लाल होऊन परतल्या, खूष होत्या, यादीतल्या अकरा गोष्टींवर टिक होती.

गुरुवार, समुद्रावर

हा पूर्ण दिवस किनारा नाही. त्यामुळे जहाजावरची सगळी दुकानदारी आज रंगात असते: दागिन्यांची "आजच्यापुरती" सूट, चित्रांचा लिलाव, कॅसिनो, पावलोपावली काढलेल्या फोटोंच्या भिंती. एक फोटो आम्हाला चांगल्या रेस्टॉरंटमधल्या जेवणाच्या भावात पडला असता. ज्यांना चांगलं जेवायची हौस आहे त्यांनी पैसे भरून एखाद्या खास रेस्टॉरंटमध्ये एकदा जावं, शाकाहारी यादी आधी वाचून. आम्ही वाचली आणि गेलो नाही. मद्याचं पॅकेजही तसंच. बऱ्याच जहाजांवर एका खोलीतल्या एकानं घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. ह्यांना एखादी बिअर पुरते, ती सुटी घेतलेली परवडते.

नाश्त्याला शेजारच्या टेबलावर कोल्हापूरचं एक निवृत्त जोडपं भेटलं. ते आधी छोट्या, खऱ्या अर्थानं आलिशान जहाजानं नॉर्वेला जाऊन आले होते. त्या जगाचा हिशेब निराळा. सिल्व्हरसी, सीबॉर्न, रीजंट सेव्हन सीज यांच्या जहाजांवर माणसं काहीशेच असतात. खोल्या जवळजवळ सगळ्या स्वीट. दारू, बक्षिशी भाड्यातच धरलेली, रीजंट तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच सहलीही त्यातच देतं. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही आणि कॅसिनोही नाही. भाडं ऐकून छातीत धस्स होतं. पण मोठ्या जहाजाचं भाडं, बक्षिशी, वायफाय, पेयं आणि सहली यांची बेरीज मांडली तर अंतर वाटतं त्यापेक्षा कमी निघतं. माझं मत असं, की जे पीत नाहीत त्यांनी तिथं जाऊन दुसऱ्यांच्या वाइनचे पैसे भरू नयेत. ज्यांना फ्योर्डमधली, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांमधली अरुंद बंदरं बघायची आहेत, जिथं मोठं जहाज शिरतच नाही, त्यांनी मात्र पैसे साठवून छोट्याच जहाजानं जावं. मधला मार्ग म्हणजे मोठ्या जहाजावरचा वेगळा राखलेला भाग, एमएससीचा यॉट क्लब किंवा नॉर्वेजियनचा हेवन, जिथं तलाव आणि जेवणघर त्या थोड्या लोकांपुरतंच असतं.

दुपारी ह्यांनी बाल्कनीत दुर्बीण लावली. जगाच्या व्यापारातल्या मालाचा साधारण चौथा हिस्सा या सामुद्रधुनीतून जातो म्हणतात. तेलाची टँकर, डब्यांच्या उतरंडी लादलेली जहाजं, एकामागोमाग. "यातल्याच कुठल्यातरी डब्यात आपलाही माल गेला असेल," हे म्हणाले आणि बराच वेळ मोजत राहिले.

रात्री नटण्याचा कार्यक्रम. पुरुषांना कोट, बायकांना लांब झगे असं पत्रकात लिहिलेलं. घाबरू नये, आपल्याकडची चांगली साडी कुठल्याही झग्याला भारी पडते. सासूबाई इरकलीत, नाकात नथ. जिन्यावर तीन परक्या बायकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. नंतर नाट्यगृहात बसलो तर गारठा असा की समोरच्या रांगेतले लोक कोट अंगाभोवती आवळून बसलेले. सासूबाईंनी पिशवीतून सोलापुरी चादर काढली आणि इरकलीवरून गुंडाळली. वन्सं आधी लाजल्या, मध्यांतरानंतर त्याच चादरीत सरकल्या. जहाजावर जाताना गरम कपडा हवाच, समुद्र कितीही उष्ण देशातला असो.

परत आल्यावर सासूबाईंनी एक मागणी केली. पहाटे चारला उजेड नसतानाही त्यांना त्या काचेतून पाणी दिसतं आणि झोप उडते; आजची रात्र समोरच्या खोलीत झोपेन म्हणाल्या. आम्ही अदलाबदल केली. वन्सं आणि मी बाल्कनीत दोनपर्यंत बोलत बसलो, मुख्यतः ह्यांच्याबद्दल.

शुक्रवार, परत

बॅगा आदल्या रात्री रंगीत चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि रंगाच्या क्रमानं उतरायचं असतं. घाई असेल तर स्वतःची बॅग स्वतः ओढत पहिल्या लोंढ्यात जाता येतं. परतीचं विमान दुपारी एकच्या आत घेऊ नये. आमचं दोनचं होतं, मुंबईला उन्हं उतरायच्या सुमारास पोचलो आणि रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली.

बिल मात्र आदल्या संध्याकाळीच टीव्हीवर उघडून ओळ न् ओळ वाचावं, कारण शेवटच्या सकाळी काउंटरवर मारुतीच्या देवळाइतकी रांग असते. बक्षिशी दर माणशी दर रात्रीची आपोआप लागते, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत साधारण १६ ते २० डॉलर. ती बुकिंगच्या वेळीच भरून टाकली तर शेवटी धक्का बसत नाही. आमच्या बिलात मसाज, एक बिअर, वायफाय, वन्संची लाँड्री आणि एक ओळ जास्तीची: तलावाचा टॉवेल, पंचवीस डॉलर.

मी काउंटरकडं निघाले तेव्हा ह्यांनी थांबवलं. टॉवेल त्यांच्या बॅगेत होता. विसरून नाही, ठरवून. बुधवारी फुकेतहून परतल्यावर त्यांनी तो घेतला होता. सतत धुतला जाणारा टॉवेल, तरी कडेचा एक लूप निघालेला नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. आता तो कारखान्यात मास्तरांच्या टेबलावर आहे, एका कोपऱ्यातून उसवलेला, धागे मोजून झालेत. ते पंचवीस डॉलर मी सहलीच्या खर्चात धरले नाहीत. नमुने या खात्यात टाकले.